हिरामणभाऊंचं न गेलेलं पत्र

हिरामणभाऊ, तुमच्या मातीवरून घरी आलो आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलो. दुसऱ्यांदा वरण मागितलं तेव्हा अम्मी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. तिला वाटलं होतं, पोरगा दोन दिवस आडवा पडणार. 'तबियत ठीक है ना?' म्हणाली. ठीक होती. लोक म्हणतील काय निर्लज्ज पोट्टा आहे, म्हणू द्या. रडलो नाही असं नाही. मूल गाव येईपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडतच होतो. पण तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही गेला असता ना भाऊ, तर मी कायमचा कामातून गेलो असतो. आता दुःख आहे, फक्त दुःखच आहे. त्याच्या खाली दुसरं काही दबलेलं नाही. त्याचा केवढा आराम असतो हे मला माहीत नव्हतं.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मुलांना कसं शिकवलं, ते सगळं विहारात लोक माईकवर बोलले. चांगलं बोलले. खेळाबद्दल कोणी बोललं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस, सिंदेवाहीला भाताच्या संशोधन केंद्रावर वाणांच्या पाट्या लिहिणारा, दर रविवारी चंद्रपुरात माझ्या सायबर कॅफेत बसून कॉम्प्युटरच्या खेळात रानवाल्यांच्या राज्याचा मुख्य होता, हे कसं सांगणार तिथे? मी मागे उभा होतो. एकदा वाटलं हात वर करावा. मग वाटलं, नको, लोक हसतील, आणि तुमच्यावर हसलेलं मला सहन होणार नाही. तुमच्यावर हसायचा हक्क माझा.

आठवतं ना, पहिल्यांदा आलात ते तुमच्या मुलीचा, सुजाताताईचा नर्सिंगचा फॉर्म भरायला. पुढे तिला इथेच हॉस्टेल मिळालं आणि दर रविवारी तुम्ही तिचा डबा घेऊन येऊ लागलात. डबा देऊन झाला की परतीच्या बसला दोन तास. ते दोन तास तुम्ही माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी काय खेळतो ते बघायचे. एक महिना काही बोलला नाहीत. मग एक दिवस विचारलंत, "हे राज्य कोनाचं गा?"

"आमचं, भाऊ. रानवाल्यांचं. ते लाल दिसते ते राखवाल्यांचं. आपले दुश्मन."

"मंग तुमचा मुख्य कोन?"

"आता कोनी नाई. होता तो खेळ सोडून गेला. मत टाकून निवडा लागते."

"सभा कधी हाये?"

मी खो खो हसलो. सभा! त्या खेळात पडद्यावर नकाशा असायचा, नकाशात चार राज्यं, आणि एकेका राज्यात जगभरातले दहा-पंधरा जण. कोणी कोणाला पाहिलेलं नाही. सगळे आपापल्या वेळेला येणार, दोन किल्ले फोडणार, निघून जाणार. आणि तुम्ही विचारता सभा कधी आहे!

मस्करीतच आम्ही कॅफेतल्या पोट्ट्यांनी तुमचं नाव मुख्य म्हणून टाकलं. तुम्ही मस्करीत घेतलं नाही, तिथेच सगळा घोळ झाला. दुसऱ्या रविवारी तुम्ही निळी वही घेऊन आलात आणि एकेका खेळणाऱ्याला पत्र लिहायला लावलंत: आपले म्हणणे काय, आपल्याला कोणते काम जमते, आपल्याकडे सुट्टी कधी असते. तुमचं इंग्रजी दुकानाच्या पाट्यांपुरतं. त्यामुळे तुम्ही वहीतून मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत टाइप करायचं. मला वाटलं, लोक पळून जातील. उलटंच झालं. कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी पानभर उत्तरं पाठवली. त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही भरघोस मतांनी निवडून आलात, बापा! आणि पडद्यापलीकडे कोणालाही माहीत नव्हतं की रानवाल्यांचा मुख्य सदऱ्याच्या खिशात दोन पेन लावून, पायाजवळ रिकामा डबा ठेवून बसतो.

मग सुरू झाले तुमचे ठराव. विहाराच्या कमिटीत तुम्ही बारा वर्षं सचिव. तेच सगळं तुम्ही खेळात आणलं. भिंत वाढवायची? ठराव. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणाचा, सगळं लिहा. एकदा धान्याच्या कोठाराला वेढा पडला आणि आपण अनुमोदकाची वाट बघत बसलो. तो गडी सुट्टीवर होता. कोठार जळून गेलं. मी टेबलावर हात आपटला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "लिही. कोठार जळाल्याबद्दल सभा खेद व्यक्त करते."

पण आपलं खरं भांडण बखरीवरून. खेळाचा नियम असा होता की दर तीन महिन्यांनी मुख्यानं आपल्या राज्याची बखर लिहायची, खेळ चालवणारे ती सगळ्यांसाठी छापायचे, आणि पुढची गोष्ट तिच्यावरून सरकायची. म्हणजे जो मुख्य, त्याची गोष्ट. बाकीच्या राज्यांच्या बखरी कशा असायच्या! रक्त, घोडे, बापाचा बदला. आणि आपली? 'सभेला नऊ हजर, चार गैरहजर. गैरहजरांनी कळवले नाही. दक्षिणेच्या भिंतीसाठी दगड पुढील सदस्यांनी वाहिले.' त्याखाली नावं. सगळ्यांची! टाइप करताना माझ्या जिवावर यायचं. खेळाच्या चर्चेच्या पानांवर लोकांनी आपली पार धुलाई केली. एक म्हणाला, ही बखर आहे की मजुरांची हजेरी? दुसरे तुमच्या बाजूनं तुटून पडले, म्हणाले आजवर कोणत्याच बखरीत आमचं नाव नव्हतं. पानंच्या पानं भांडण. मी ते तुम्हाला मराठीत वाचून दाखवायचो आणि तुम्ही मान डोलवत ऐकायचे, जसं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

"भाऊ, गोष्टीत एक मानूस मोठा लागते," मी सांगायचो.

"काऊन लागते?"

"लोकाइले कोनावर तरी जीव लावा लागते."

"मंग पंधरा जनाइवर लावा. जीव का रेशनवर भेटते?"

यावर मी चिडायचो. आणि भाऊ, आजही माझं म्हणणं तेच आहे: तुमची बखर कंटाळवाणी होती. तुम्ही गेलात म्हणून ती चांगली होत नाही. एवढं ऐकून घ्या.

आता ते सांगतो. तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. आता ते सांगताना जीभ अडत नाही, म्हणून सांगावंसं वाटतं.

राखवाल्यांनी उत्तरेच्या तळ्यासाठी आपल्या मोठ्या किल्ल्याला वेढा घातला. दीड वर्ष लागलं होतं तो किल्ला बांधायला. सगळ्यांना वाटत होतं आता लढाई, मोठी लढाई, बखरीत कायमची राहणारी. माझे तर हात शिवशिवत होते. आणि तुम्ही रविवारी आलात ते वहीत पत्र लिहूनच. राखवाल्यांच्या मुख्याला पत्र. मला अजून पाठ आहे:

'राखवाल्या मित्रांनो, नमस्कार. तुम्हाला उत्तरेचे तळे पाहिजे, हे आम्हाला समजले. आम्हालाही पाहिजे. तळे मोठे आहे, अर्धे-अर्धे घेऊ. भिंत पाडायला एक दिवस लागतो. बांधायला किती लागतात, ते तुमच्यातल्या बांधणाऱ्याला विचारून मग ठरवा.'

तुम्ही वाचत होतात आणि मी टाइप करत होतो. पण हे नाही. मी टाइप केलं, तळं आमचं आहे, पाहिजे असेल तर आमच्या प्रेतांवरून चालत या, तुमच्यात तेवढी हिंमत असल्याचं अजून दिसलेलं नाही. लिहिताना अंगावर काटा आला हो. वाटलं, अशी असते गोष्ट!

तुम्ही चष्मा वर करून पडद्याकडे बघितलंत. "बरोबर लिवलं ना?"

"हाव भाऊ. जसंच्या तसं."

त्या आठवड्यात किल्ला पडला. लढाई कसली, एका दुपारी सगळं साफ. ज्यांनी दगड वाहिले होते ते चिडले, म्हणाले मुख्यानं काही केलं नाही. मतदान झालं. कोणीतरी मुख्य म्हणून माझं नाव सुचवलं, आणि अनुमोदक कोण? हिरामण! तुम्ही स्वतः सांगून माझ्याकडून टाइप करून घेतलंत. "पोट्टा तेज हाये, करू द्या त्याले." मला त्या वेळी खुर्ची सोडून पळून जावंसं वाटलं. पळालो नाही. मुख्य झालो. माझी पहिली बखर आली तेव्हा सगळ्यांनी वा वा केलं, आणि ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही खेळ सोडून दिला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही दर रविवारी येतच राहिलात, साधे सदस्य म्हणून, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर. आणि चार-सहा आठवड्यांनी मधेच, चहा पिता पिता विचारायचे, "अस्लम, राखवाल्याइले आपलं पत्र काऊन नसन पटलं गा?" मी म्हणायचो, सोडा ना भाऊ. तुम्ही म्हणायचे, "नाई, माहे शब्दच कमी पडले असन. मानसाले बोलता आलं पाह्यजे. मले वाटे, येते. येत नाई."

दोन वर्षं, भाऊ! मग एका रविवारी तुम्ही सहज सांगितलं की कमिटीचं सचिवपद सोडलं. विहाराच्या जागेवरून दोन गल्ल्यांत तंटा होता, लोक म्हणाले हिरामणभाऊ, तुम्ही मध्ये पडा, समजवा. आणि तुम्ही नाही म्हणालात. "माह्या बोलन्यात दम नाई राह्यला." मी समोर बसून होतो. कीबोर्डवर बोटं होती. एका वाक्यानं सगळं निस्तरलं असतं. मी म्हणालो, "चहा सांगू?"

एवढा हलका माणूस होतो मी.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं. नागपूर झालं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तुमचं येणं बंद झालं तेव्हा ती खुर्ची मी कोणाला देईना. सिंदेवाहीला मी दोनदा आलो ते सांगायचंच ठरवून. पहिल्यांदा काकूंनी पोहे केले, आपण सुजाताताईच्या ड्युटीबद्दल बोललो, आणि मी परत गेलो. दुसऱ्यांदा टीव्हीवर मॅच होती. मॅच बघितली आणि परत गेलो! बसमध्ये मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, शेजारचा माणूस सरकून बसला.

तिसऱ्यांदा मी त्या इंग्रजी पत्राची प्रिंट काढून खिशात घातली, म्हणजे आता पळायला वाट नको. काकूंनी चहा आणून ठेवला. मी चहाला हात लावायच्या आधीच बोललो. "भाऊ, तुमचं पत्र मी पाठोलंच नोहतं. दुसरंच पाठोलं."

तुम्हाला आधी कळलंच नाही. मग म्हणालात, "वाच." मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. प्रेतं आली, हिंमत आली. तुमचा चेहरा असा लाल झालेला मी कधी पाहिला नव्हता. उशीवरून उठायला गेलात आणि उठता येईना, म्हणून आणखी चिडलात.

"भैताडा! दोन वर्षं मले वाटून राह्यलं का माह्या तोंडात दम नाई! कमिटी सोडली म्या, भैताडा! अवो, याचा चहा वापस न्या!"

काकू बिचाऱ्या दारात उभ्या. त्यांना काय, तुम्ही सांगितलं तर त्यांनी खरंच माझ्यासमोरून कप उचलून नेला. मी खाली मान घालून बसलो. मला वाटलं होतं तुम्ही हसून 'जाऊ दे गा' म्हणाल, डोक्यावरून हात फिरवाल. तसं केलं असतंत तर मी मेलो असतो. तुम्ही शिव्या दिल्यात, चांगल्या पंधरा मिनिटं, आणि एकेका शिवीबरोबर माझ्या छातीतून काहीतरी निघून जात होतं.

आणि मग तुम्ही उशीवर मान टाकलीत. वर पत्र्याकडे बघत राहिलात. आणि तुमचा चेहरा, काय सांगू भाऊ, तुमचा चेहरा उजळला. "अवो, ऐकलं का?" तुम्ही काकूंना हाक मारलीत. "माहं पत्र गेलंच नोहतं! ते वाईट नोहतं, ते गेलंच नोहतं!" आणि हसायला लागलात. हसताना पोट दुखायचं, तरी हसत होतात. काकूंना ओ की ठो कळलं नाही, पण तुम्ही हसताय बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडत होतो आणि हसतही होतो. मला सुटायचं होतं म्हणून मी आलो होतो, आणि माझ्याआधी तुम्हीच सुटलात.

"माफ केलं का भाऊ?" मी विचारलं.

"माफ-बिफ मंग पाहू. आधी पत्र पाठव. माहं पत्र."

ट्रंकेतून निळी वही निघाली. मी ते पत्र शब्दाला शब्द उतरवून घेतलं आणि सोमवारी कॅफेत बसून इंग्रजीत केलं, एकेक वाक्य तीन-तीनदा तपासून. राखवाल्यांना लिहिलं की हे पत्र आमच्या मुख्यानं तेव्हा दिलं होतं, ते मी दाबलं, दुसरं पाठवलं. विचारलं, हे मिळालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? आपल्या लोकांनाही सगळं खरं लिहिलं. त्यांनी मला मुख्यपदावरून काढलं. बरं केलं.

गुरुवारी राखवाल्यांचं उत्तर आलं. शुक्रवारी प्रिंट घेऊन मी बसमध्ये चढलो, आणि मूलपासून पुढे सगळ्या रस्त्याला, दोन्हीकडे रान, माझ्या डोक्यात एकच चाललेलं. कारण त्या पत्रात जे होतं ते तुम्हाला सांगण्यासारखं नव्हतं. आणि तुम्हाला तर इंग्रजी वाचता येत नाही. मी म्हणू शकलो असतो की ते सगळे थांबले असते. एक वाक्य, आणि माणूस सुखानं गेला असता. काकूंनाही बरं वाटलं असतं. ते वाक्य मी बसमध्ये जुळवलंही. छान जुळलं होतं. मला जमतं ते.

तुम्ही आणखी वाळला होतात. आवाज अगदी बारीक. "वाच."

मी कागद उघडला आणि जसंच्या तसं वाचलं. त्यांच्या मुख्यानं लिहिलं होतं की त्याला धरून ते अकरा जण, आणि अकराही जणांनी तुमचं पत्र वाचलं. आठ जण म्हणाले, पत्र चांगलं आहे, पण आम्ही हल्ला केलाच असता, तळं पाहिजे होतं. तीन जण म्हणाले, हे वाचून आम्ही लढायला आलो नसतो.

तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, झालं, मारलं मी माणसाला.

"तो मुख्य कोनात हाये? आठात का तिनात?"

"आठात, भाऊ."

"खरं बोलला. चांगला मानूस दिसते." मग तुमची बोटं गोधडीवर हलली. तुम्ही मोजत होतात. "एका पत्रात तिघं. अबे, कमिटीत तं बारा वर्षांत मले दोघं पटोता नाई आले!"

"हाव भाऊ."

"पेन हाये का? आठ उरले. लिही."

मी वही उघडली. तुम्ही थांबून थांबून सांगत होतात, मी कान तोंडाशी नेऊन लिहीत होतो. 'राखवाल्या मित्रांनो, आठही जणांना नमस्कार. तुम्ही खरे सांगितले, त्याबद्दल मी आभारी आहे. आता मुद्दा तळ्याचा. उन्हाळ्यात तळे' आणि तिथे तुम्हाला झोप लागली. काकू म्हणाल्या, उठवू नको, रात्रभर डोळा नव्हता. मी म्हणालो रविवारी येतो, उरलेलं घेतो. शनिवारी सुजाताताईचा फोन आला.

उन्हाळ्यात तळ्याचं काय, भाऊ? आटतं म्हणून भांडू नये, की आटतं म्हणून आधीच वाटून घ्यावं? मला तुमचा स्वभाव माहीत आहे, पुढची चार वाक्यं मी डोळे झाकून लिहू शकतो, आणि ती तुमच्यापेक्षा चांगली होतील. काल संध्याकाळी कॅफेत बसून मी ते पत्र इंग्रजीत केलं. 'उन्हाळ्यात तळे' इथपर्यंत आलो.

तेवढंच पाठवलं, भाऊ. पुढं एक अक्षर घातलं नाही.